वर्गात हजर, हजेरीपटावर गैरहजर: विद्यार्थ्याच्या नावाविषयी एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयात २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात घडले. मी तेथे भूगोल शिकवते आणि त्या वर्षी बी.ए. द्वितीय वर्षाच्या एका तुकडीची पालक-शिक्षक होते. गाव, महाविद्यालय आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. ज्या विद्यार्थ्याविषयी हे लिखाण आहे त्याने ते वाचले असून त्याच्या सांगण्यावरून दोन ठिकाणचा मजकूर काढून टाकला आहे. अशा लिखाणात टोपणनाव देण्याची पद्धत असते, परंतु मी ते दिलेले नाही. ज्याला स्वतःचे नाव स्वतः निवडण्यासाठी इतके सोसावे लागले, त्याला आणखी एक नाव मी ठेवावे हे मला पटले नाही. म्हणून पुढे सर्वत्र 'हा विद्यार्थी' किंवा 'तो' एवढेच म्हटले आहे.

जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, प्रवेश अर्ज, विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक हे सगळे एका अशा नावावर होते, की ते ऐकताच मुलगीच डोळ्यांसमोर यावी. अकरावीपासून त्याचे चार-पाच मित्र त्याला दुसऱ्या, मुलाच्या नावाने हाक मारत होते. त्याने ते नाव मुद्दाम जुन्या नावाच्याच आद्याक्षराचे निवडले होते, म्हणजे सही बदलावी लागणार नाही. घरी शेती आणि दुधाचा जोडधंदा होता, आणि घरच्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

आमच्या वर्गाची घडी जुन्या वळणाची होती. डावीकडच्या बाकांवर मुली आणि उजवीकडे मुले बसत. हजेरीपटावर आधी सगळ्या मुलींची नावे वर्णानुक्रमे येत आणि त्या संपल्यावर मुलांची सुरू होत. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता, की त्यामुळे नुसता अनुक्रमांकही मुलगा की मुलगी ते सांगतो हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

प्रश्न कसा लक्षात आला

पहिल्या सत्राच्या अखेरीस कार्यालयाकडून ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची यादी आली आणि तिच्यात या विद्यार्थ्याचे नाव अगदी वर होते. मला ते खरे वाटेना. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर मी त्याला जवळजवळ रोज पाहत होते. समोच्चरेषांचे नकाशे वर्गात सर्वांत स्वच्छ त्याचे असत, आणि प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा त्याच्याकडूनच येई. मी त्याला विभागात बोलावून विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, मी रोज येतो. पण त्या नावाला 'हजर' म्हणवत नाही."

सुरुवातीच्या आठवड्यांत तो दुसऱ्या हाकेला हळू आवाजात उत्तर देत असे, नंतर त्याने तेही सोडले. शिक्षक हजेरी घेताना मान वर करत नाहीत, नाव वाचतात, आवाज आला नाही तर फुली मारतात आणि पुढे जातात. अशा प्रकारे एक मुलगा महिनोन्महिने वर्गात बसून गैरहजर राहिला. त्यात माझ्या हजेरीपटावरच्या फुल्याही होत्या.

त्याच्या बोलण्यातले 'येतो' हे क्रियापद माझ्या कानांवरून तसेच निसटून गेले, आणि त्याला कारण होते. मी नाशिककडची. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात मुली आणि बायकाही 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' असे बोलतात, हे येथे रुजू झाल्यावर मी शिकले होते आणि त्याची सवय करून घेतली होती. प्रथमपुरुषात हा विद्यार्थी कितीही वर्षे मुलासारखा बोलला असता, तरी या भागात कोणाला त्याचे नवल वाटले नसते. मराठी विभागातील एका सहकाऱ्यांनी पुढे हे मला उलगडून सांगितले. ते म्हणाले की, इथली बोली त्याला स्वतःविषयी बोलायला मोकळीक देते, मात्र दुसऱ्यांनी त्याच्याशी बोलताना ती मोकळीक तिथेच संपते.

मराठीत हा प्रश्न कुठे बसतो

या विषयावर जे काही वाचायला मिळते त्यात बहुतेक भर सर्वनामावर असतो, आणि ते इंग्रजीसारख्या भाषांसाठी ठीकच आहे. मराठीत सर्वनाम हा त्या प्रश्नाचा लहानसा भाग आहे. आपण समोरच्याशी 'तू' म्हणून बोलतो तेव्हा सर्वनामात लिंग नसतेच, ते क्रियापदात असते. 'तू आलास' आणि 'तू आलीस', 'तू करतोस' आणि 'तू करतेस' यांतून निवड करावीच लागते. त्याच्याही आधी हाक येते. 'अरे' म्हणायचे की 'अगं', हे वाक्य सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त काय लागते असे मी विचारले तेव्हा त्याने नाव सांगितले नाही. त्याने 'अगं' सांगितले. जुने नाव दिवसातून चार वेळा ऐकू येते, 'अगं' मात्र मोजता येणार नाही इतक्या वेळा येते, आणि म्हणणाऱ्याला ते आपण म्हटल्याचे कळतही नाही.

मराठी विभागातील सहकारी आणि मी एका दुपारी बसून वर्गात रोज बोलली जाणारी वाक्ये लिहून काढली. त्यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. 'तुम्ही' म्हटले की पुष्कळसा भार हलका होतो, कारण 'तुम्ही आलात', 'तुम्ही काय म्हणता' ही रूपे दोघांनाही सारखीच लागतात. भविष्यकाळात तर 'तू'सुद्धा चालते: 'तू सांगशील का?' कर्म असलेल्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे 'तू धडा वाचलास का?' हे वाक्य कोणालाही विचारता येते. तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना 'त्याने' आणि 'तिने' वेगळे होतात, पण आदरार्थी 'त्यांनी' एकच राहते. परंतु 'तुम्ही'मुळे सगळे सुटते असेही नाही. वर्गात शंभरदा म्हटले जाणारे 'उभे राहा' आणि 'उभ्या राहा' यांत लिंग पुन्हा डोके वर काढतेच. तेथे नुसते 'उठा' म्हणावे लागते. 'मुलांनो' आणि 'मुलींनो' असे वेगळे म्हणण्याऐवजी 'विद्यार्थ्यांनो' किंवा 'मंडळी' म्हणता येते, आणि आमच्या प्रयोगशाळेतील परिचर ज्याला त्याला 'बाळा' म्हणत, त्यांना काहीच बदलावे लागले नाही.

ही यादी हाती आल्यावर मला सुटल्यासारखे वाटले, आणि नेमके तेव्हाच विद्यार्थ्याने एक अडचण दाखवली. तो म्हणाला, "सगळ्यांना 'तुम्ही' म्हणा, चांगलेच आहे. पण माझ्या मित्राला 'तू आलास' म्हणायचे आणि मला एकट्याला 'तुम्ही आलात' म्हणायचे, हे पुन्हा वेगळे काढल्यासारखेच झाले." लिंगनिरपेक्ष बोलणे ज्याने अजून काही सांगितलेले नाही त्याच्यासाठी सुरक्षित असते. ज्याने 'मला तो म्हणा' असे स्पष्ट सांगितले आहे, त्याच्याशी तसे बोलत राहणे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे होय. हा फरक मी एकटीने बसून ओळखला नसता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय प्राचार्यांनी मांडला आणि तो टाळाटाळीचा होता असे मी म्हणणार नाही. त्यांना नियमाबाहेर जायचे नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की राजपत्रात नाव बदलल्याची नोंद आणावी, विद्यापीठात अर्ज करावा, आणि नाव बदलून आले की दुसऱ्या दिवसापासून सगळे त्या नावाने हाक मारतील. यावर मी कायद्याची बाजू लिहून दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतरचा, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. प्रकरण घडले तेव्हा लागू असलेल्या तरतुदींनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून ओळख प्रमाणपत्र मिळवता येत होते, त्यासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, आणि त्या प्रमाणपत्राच्या आधारे कागदपत्रांवरचे पहिले नाव बदलून घेता येत होते. याच कायद्यात शैक्षणिक संस्थांनी भेदभाव करू नये असे सांगितले आहे आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्याची अपेक्षाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार लिंगओळखीवरून केलेला छळ रॅगिंग ठरतो.

हे टिपण प्राचार्यांनी बारकाईने वाचले, पण त्यांचे मत त्याने बदलले नाही. ते बदलले कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकांच्या एका साध्या प्रश्नाने. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळ घरांत पहिले नावही बदलते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन-तीन मुली मंगळसूत्र घालून वर्गात येतात आणि मैत्रिणीच काय, शिक्षकही त्यांना नव्या नावाने हाक मारू लागतात. त्यांच्यापैकी कोणाकडे आपण आजवर राजपत्र मागितले का, असे लिपिकांनी विचारले. गुणपत्रिकेवर जुने नाव असते, कागद यथावकाश होतात किंवा होतही नाहीत, आणि कोणाचे काही अडत नाही. या प्रश्नामुळे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: परीक्षेच्या आणि प्रमाणपत्राच्या कागदावर कोणते नाव छापायचे हा नियमाचा प्रश्न, आणि वर्गात कोणत्या नावाने बोलवायचे हा वागण्याचा प्रश्न. आम्ही तोवर दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अडवून धरले होते.

दुसरा पर्याय सर्वांनाच अनुक्रमांकाने बोलावण्याचा होता. तो निष्पक्ष वाटतो, पण आमच्या क्रमात सुरुवातीचा सगळा तुकडा मुलींचा असल्याने त्याचा क्रमांकच त्याला मुलींत बसवत होता. शिवाय माणसाला आकड्याने बोलावण्यात मला स्वतःला काही तरी कमी वाटते.

तिसरा पर्याय आडनावाचा. आमच्याकडे शिक्षक मुलांना सर्रास आडनावाने आणि मुलींना नावाने हाक मारतात. विद्यार्थ्याला हा पर्याय मनापासून आवडला, कारण आडनावाने हाक येणे हेच त्याला मुलांत धरल्यासारखे वाटत होते. अडचण अशी, की एका तुकडीत सात-आठ पाटील असतात. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटली: आडनाव मोठ्याने वाचले की आपल्याकडे जात वाचली जाते. एकाचा संकोच घालवण्यासाठी वर्गातल्या दुसऱ्या कोणाचा वाढवणे योग्य नव्हते.

चौथा पर्याय आम्ही स्वीकारला. विद्यापीठाकडे जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नोंदीतले नाव राहील, आणि वर्गात, प्रात्यक्षिकात, विभागात त्याने सांगितलेले नाव आणि 'तो' वापरले जाईल. पालकांना आधी विचारावे असे एका विभागप्रमुखांनी सुचवले. विद्यार्थी एकोणीस वर्षांचा, सज्ञान होता, आणि त्याने घरी काय सांगावे हे ठरवणे आमच्या अधिकारातले नव्हते. ही सूचना आम्ही स्वीकारली नाही आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

जिथे मी चुकले

यापूर्वीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान तिने केले आणि ती माझ्या हातून घडली. विद्यार्थ्याशी पहिले बोलणे झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी विभागाच्या बैठकीत त्याचे जुने नाव, नवे नाव आणि सगळी हकीकत सांगितली. मदत लवकर मिळावी हाच हेतू होता. त्याने ही गोष्ट मला सांगितली होती, मी ती किती जणांना सांगू शकते हे मात्र मी त्याला विचारले नव्हते. संध्याकाळपर्यंत शिक्षक कक्षात चर्चा पोहोचली आणि तिसऱ्या दिवशी शुल्काच्या खिडकीवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर, एका कर्मचाऱ्याने त्याला 'तृतीयपंथी का' असे विचारले. सरकारी कागदांत तो शब्द आहे, परंतु गावाच्या बोलण्यात तो ज्या अर्थाने येतो तो या मुलाच्या ओळखीशी जुळत नव्हता, आणि रांगेत उभे असताना कोणाच्याही ओळखीची चौकशी करण्याचा हक्क कोणाला नसतो. त्यानंतर तो आठ दिवस महाविद्यालयात आला नाही.

मी त्याच्या मित्राकरवी निरोप पाठवून त्याला भेटले आणि माफी मागितली. या भेटीत मात्र मी आधी विचारायला हवे होते ते सगळे विचारले आणि त्याच्यासमोर लिहून घेतले. कोणते नाव आणि बोलताना कोणती रूपे? ही गोष्ट कोणाला कळलेली चालेल आणि कोणाला नाही? सूचना फलक, व्हॉट्सअ‍ॅप गट, घरी जाणारा संदेश, बक्षिसांची यादी या प्रत्येक ठिकाणी कोणते नाव? कोणी चुकले तर त्याने स्वतः दुरुस्त करायचे की मी? त्याची उत्तरे नेमकी होती. वर्गात आणि भूगोल विभागात नवे नाव. फलकावर कोणतेच नको. घरी जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जुनेच. तो कागद दुमडून मी माझ्या खणात ठेवला आणि त्यातला मजकूर ज्याला जेवढा लागेल तेवढाच सांगितला.

प्रत्यक्षात काय केले

दुसऱ्या सत्रापासून हजेरीची पद्धत बदलली. मुली आणि मुले असे दोन गट मोडून एकच वर्णानुक्रम केला. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, कारण तसे दोन गट करा असे सांगणारा नियमच कुठे सापडला नाही. मोठ्याने नावे वाचण्याऐवजी सहीचा कागद बाकांवरून फिरवला, आणि आद्याक्षर तेच असल्यामुळे त्याची सही तशीच राहिली. पहिल्या सत्रातील हजेरीची तूट भरून काढण्यासाठी त्याच्या प्रात्यक्षिक वहीवरच्या तारखा आणि शिक्षकांच्या सह्या पुरावा म्हणून जोडल्या. तूट पूर्ण भरली नाही, पण परीक्षेला बसण्यापुरती भरली.

त्याला शिकवणाऱ्या पाच शिक्षकांशी मी, त्याच्या संमतीने, एकेकट्याने बोलले. बैठक घेतली नाही. चौघांनी ऐकून होकार दिला. पाचव्यांनी आपल्याला हे पटत नसल्याचे सरळ सांगितले. त्यांना मी पटवत बसले नाही. एवढेच विचारले, की वर्गात त्याच्याशी बोलताना 'अगं' टाळता येईल का आणि सर्वांनाच 'तुम्ही' म्हणता येईल का. ते त्यांनी मान्य केले आणि वर्षभर पाळले. माझ्या मते हा प्रकरणातला दुर्लक्षित राहील असा, पण महत्त्वाचा टप्पा होता. प्रत्येकाचे मतपरिवर्तन होईपर्यंत थांबलो असतो, तर विद्यार्थ्याची तीनही वर्षे निघून गेली असती.

चुका होत राहिल्या. इतिहासाच्या एका शिक्षकांकडून 'अगं' निघून गेले, तेव्हा त्यांनी व्याख्यान थांबवून सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि आपल्या मनात काही नव्हते हे पाच मिनिटे समजावून सांगितले. विद्यार्थी त्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, की चुकीपेक्षा माफी जड गेली. तेव्हापासून आम्ही ठरवले की चूक लक्षात आली की तेच वाक्य बरोबर रूपाने पुन्हा म्हणायचे आणि पुढे जायचे.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात आणि त्यांच्या हातात विद्यापीठाची यादी असते. तेथे विभागप्रमुखांनी सर्वच विद्यार्थ्यांना बैठक क्रमांकाने बोलावण्याची पद्धत ठेवली. हजेरीसाठी जो क्रमांक आम्ही नाकारला होता तोच येथे उपयोगी पडला, कारण बैठक क्रमांकात मुलामुलींचे गट नव्हते.

अभ्यास सहल

फेब्रुवारीत किनारी भूरूपे पाहण्यासाठी तारकर्ली-देवबागची दोन दिवसांची सहल होती. कर्ली नदीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेला वाळूचा चिंचोळा पट्टा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो धडा कळत नाही, आणि सहलीच्या अहवालाला गुण असतात. मुक्कामासाठी मुलींच्या आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या होत्या. त्याने येऊच नये, किंवा त्याला एकट्याला खोली द्यावी, अशा दोन सूचना आल्या. पहिली मी ऐकूनही घेतली नाही. दुसरी त्याला विचारली. त्याने नको म्हटले, कारण एकट्याची खोली म्हणजे सगळ्या बसला दिलेली सूचनाच झाली असती. शेवटी तीन जणांच्या खोलीत तो आणि त्याने सांगितलेले दोन मित्र राहिले. त्या दोघांना आधी विचारले होते. शेजारच्या खोलीत एक पुरुष शिक्षक होते आणि त्यांना सर्व माहीत होते. संमतीपत्र घरून आले ते नोंदीतल्या नावाने आले आणि ते तसेच फाइलमध्ये लावले.

सहल निर्वेध पार पडली. गडबड झाली ती परतल्यावर. महाविद्यालयाच्या फेसबुक पानावर छायाचित्रे टाकताना एका उत्साही सहकाऱ्याने गटप्रमुखांची नावे लिहिली आणि त्यात या विद्यार्थ्याचे नवे नाव, आडनावासह, आले. तासाभरात ते काढून टाकले, पण तोवर गावातल्या एका चुलतभावाने पाहिले होते. माझ्या खणातला कागद बरोबर होता. पानाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र मी काहीच सांगितले नव्हते, कारण मी 'कोणाला सांगायचे' याचा विचार शिक्षकांपुरताच केला होता.

घर

चौथ्या दिवशी वडील आले. विद्यार्थ्याने आदल्या रात्री मला फोन करून विचारले होते, की मी त्यांना काय सांगणार. मी त्यालाच विचारले की काय सांगावे. तो म्हणाला, "अभ्यासाचे सांगा. बाकीचे मी सांगेन, पण आज नाही." त्याप्रमाणे मी वागायचे ठरवले, तरी समोर बसलेल्या वडिलांशी त्यांच्या अपत्याविषयी 'तो' किंवा 'ती' यांपैकी काहीही न म्हणता बोलायचे कसे, ही चिंता होती. ती वडिलांनीच दूर केली. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी विचारले, "पोरगं अभ्यासात बरं हाय न्हवं? घरात कुणाशी बोलत न्हाई ते." या भागात लेकराविषयी असे नपुंसकलिंगी बोलणे सर्रास चालते. मीही त्याच शब्दाला धरून अर्धा तास बोलले. पोरगं हुशार आहे, नकाशे उत्तम काढतं, पहिल्या सत्रात हजेरी कमी पडली पण आता नियमित आहे, असे सांगितले. फेसबुकवरच्या नावाविषयी त्यांनी विचारले तेव्हा मी खोटे बोलले नाही. मित्रमंडळी त्या नावाने हाक मारतात, त्याविषयी घरीच निवांत बोलावे आणि रागावून बोलू नये, एवढे म्हटले. ते काही वेळ बसून राहिले, चहा घेतला आणि गेले.

त्यानंतर महिनाभर घरी अबोला होता. मे महिन्यात विद्यार्थ्याने आईला स्वतः सांगितले. त्यापुढचा भाग त्याच्या इच्छेवरून येथे लिहीत नाही. त्याचे शिक्षण थांबले नाही एवढे नोंदवते.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिल्या बोलण्यातच, काही करण्याआधी, 'हे मी कोणाला सांगू?' असे विचारेन. ही यादी करताना शिक्षकांबरोबर शुल्काची खिडकी, ग्रंथालय, क्रीडा विभाग, छायाचित्रे टाकणारे, संदेश पाठवणारी यंत्रणा यांचाही विचार करेन. हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्याला यादीत टाकण्यापूर्वी तो वर्गात खरोखर दिसत नाही ना, हे डोळ्यांनी पाहीन. आणि प्रसाधनगृहाचा प्रश्न इतका उशिरा काढणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचे कुलूप उघडून तो सुटला, पण तोवर हा मुलगा दोन वर्षे दिवसभर पाणी न पिता बसत होता, हे मला मार्चमध्ये कळले.

कागदांच्या बाबतीत मी अधिक घाई केली असती का, याचे उत्तर माझ्याकडे वेगळे नाही. त्याने तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला नाही, कारण त्या प्रक्रियेतील एखादे पत्र घरी गेले असते. अर्ज कधी करायचा हे त्याचे त्याने ठरवणे योग्य होते. त्यामुळे त्याच्या तृतीय वर्षाच्या गुणपत्रिकेवरही जुनेच नाव छापले गेले आणि पुढे ते बदलून घेताना त्याला पुष्कळ खेटे घालावे लागणार आहेत. वर्गातील नावाने ही अडचण सुटत नाही.

निष्पत्ती

त्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात त्याची हजेरी भरली आणि भूगोलात तो वर्गात पहिला आला. सहीचा कागद फिरवण्याची पद्धत इतर दोन विभागांनीही घेतली. तक्रार अधिकारी म्हणून एका प्राध्यापिकेची नेमणूक झाली आणि त्यांचे नाव माहितीपत्रकात छापले जाऊ लागले.

पुढच्या वर्षीपासून विभागाच्या पहिल्या दिवशीच्या माहितीपत्रात आम्ही एक ओळ घातली: 'वर्गात आपणास कोणत्या नावाने हाक मारावी?' त्याखाली लिंग विचारलेले नाही, कारणही विचारलेले नाही. मला वाटले होते की ती जागा बहुतेकांची रिकामी राहील. प्रत्यक्षात ती अनेकांनी भरली. नुकतेच लग्न झालेल्या एका मुलीने माहेरचे नाव लिहिले. शाळेच्या दाखल्यावर चुकीचे छापले गेलेले नाव एका मुलाने दुरुस्त करून लिहिले. एकाने घरी म्हणतात ते नाव दिले. दोघांनी नाव तेच ठेवून पुढे कंसात लिहिले की आडनाव वाचू नये. एका पत्रावर नुसते एक अक्षर होते. त्या विद्यार्थ्याला मी अजून काही विचारलेले नाही, त्या अक्षरानेच हाक मारते.